हिमनदीच्या पोटातला गोबरगॅस : गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्राला खुलं पत्र

मा. संचालक आणि हिमनद्यांचा अभ्यास करणारे सर्व शास्त्रज्ञ,
राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र,
हेडलँड सडा, वास्को द गामा, गोवा

स. न. वि. वि.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. हिमनदी मी आयुष्यात एकदाच पाहिली आहे, त्यामुळे तुम्हाला तुमचंच काम शिकवायला हे पत्र लिहिलेलं नाही. मागणं एवढंच आहे. हिमाचलमधल्या चंद्रा खोऱ्यातल्या ज्या सहा हिमनद्यांवर तुम्ही २०१३पासून लक्ष ठेवून आहात, त्यांच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात किती मिथेन, म्हणजे गोबरगॅसमधला तोच जळणारा आणि हवेत गेला की उष्णता धरून ठेवणारा वायू, विरघळलेला आहे तेही मोजा. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर तुमच्या ‘हिमाद्री’ केंद्राच्या आसपासही मोजा. आणि येतील ते आकडे, शून्य आला तर शून्य, कुणालाही बघता येतील असे ठेवा. हे काम आधीच चालू असेल तर आनंदच आहे. मग फक्त आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवायचं तेवढं लक्षात घ्या.

हे खूळ डोक्यात कुठून आलं ते सांगतो. आमच्या घरी गोबरगॅस आहे, लोखंडी ड्रमचा, जुन्या पद्धतीचा. गॅस भरला की ड्रम वर येतो, स्वयंपाक झाला की खाली बसतो. लहानपणी शाळेतून आलो की आधी ड्रमकडे बघायचो, कारण ड्रम खाली असला तर चहा चुलीवर आणि चूल पेटवायचं काम माझं. डिसेंबर-जानेवारीत ड्रम वर यायचाच नाही. आई बंबातलं उरलेलं गरम पाणी बादलीत घेऊन शेण त्यात कालवायची आणि मग टाकीत सोडायची. ‘थंडीत त्यास्नीबी काम हुईत न्हाई’ म्हणायची. ‘त्यास्नी’ म्हणजे कुणाला, हे मला बी.एस्सी.ला गेल्यावर कळलं. हवेशिवाय जगणारे, शेणातला कार्बन फोडून मिथेन सोडणारे ते सूक्ष्मजीव.

त्यामुळे बर्फाखाली, शून्य अंशाला, मिथेन तयार होतो हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चक्क हसलो होतो. आमच्याकडे चौदा अंशाला ड्रम बसतो आणि ग्रीनलंडच्या बर्फाखाली गॅस? पण गणित मांडून बघितल्यावर हसू थांबलं. गोबरगॅसला लागतं काय? ओल, अंधार, हवाबंद जागा आणि कुजायला काहीतरी. बर्फाच्या जाड चादरीखाली यातलं सगळं आहे. बर्फाच्या दाबाने आणि जमिनीच्या उष्णतेने तळाशी पाणी सुटतं. हवा पोचत नाही. आणि बर्फ पसरण्याआधी तिथं जी माती होती, जे तळ्यांचे गाळ होते, जी झाडंझुडपं होती, ती खाली गाडली गेलेली आहेत. उणीव फक्त उबेची, आणि ती भरून काढायला हजारो वर्षं हाताशी आहेत. आमच्या टाकीत शेण चाळीस-पन्नास दिवस राहतं. तिथला ‘शेणकाला’ हिमयुगापासून आत पडून आहे.

त्यात आणखी एक गंमत आहे, ती मला फार आवडते. हिमनदी म्हणजे जातं. वरचा बर्फ सरकतो, त्यात अडकलेले दगड खालच्या खडकावर घासतात आणि पीठ पडतं. ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१५मध्ये दाखवलं की सिलिकेट खडक असा ताजा ताजा दळला गेला की त्याचे तुटलेले पृष्ठभाग पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन सोडतात, आणि तेही शून्य अंशाला. हा हायड्रोजन मिथेन बनवणाऱ्या जिवांचं खाद्य. म्हणजे कुजायला फारसं काही नसलं तरी नुसत्या दळणावरही त्यांचं थोडंफार भागू शकतं.

आता प्रत्यक्ष मोजमापांकडे येतो. ग्रीनलंडच्या नैर्ऋत्येला कांगेरलुसुआक नावाचं गाव आहे. त्याच्या जवळच्या लेव्हेरेट हिमनदीतून निघणाऱ्या नदीत ब्रिस्टल विद्यापीठाच्या चमूने २०१५च्या उन्हाळ्यात संवेदक बसवले आणि मोसमभर पाण्यातला मिथेन मोजला. गिओम लामार्श-गान्यों आणि जेमा वॉडम यांचा तो शोधनिबंध जानेवारी २०१९मध्ये ‘नेचर’मध्ये आला. साधारण ६०० चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून एका मोसमात किमान सहा टन मिथेन बाहेर पडला. शंभरएक गाई वर्षभरात ढेकरा देऊन सोडतात तेवढा. त्याच भागातल्या इसुंगुआता सेर्मिया या हिमनदीच्या तोंडाशी बर्फाची गुहा आहे. तिच्यातून वाहत येणाऱ्या हवेतच मिथेन असल्याचं कोपनहेगन विद्यापीठाच्या येस्पर ख्रिस्तियानसेन यांनी २०१८मध्ये दाखवलं होतं. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसंच. दाबाखालून पाणी मोकळ्यावर आलं की विरघळलेला वायू तिथंच हात सोडतो.

शंभर गाई म्हटल्यावर तुमच्यातलंच कुणीतरी म्हणेल, मास्तर, मग एवढा आटापिटा कशाला? जगभरातून वर्षाला साठ कोटी टनांच्या आसपास मिथेन हवेत जातो. ग्रीनलंडची हिमचादर सतरा लाख चौरस किलोमीटरची आहे. लेव्हेरेटचा आकडा डोळे झाकून अख्ख्या चादरीला लावला तरी सतराएक हजार टन होतात, समुद्रात खसखस. मान्य. मी ते लपवत नाही, आणि जे लपवतात त्यांचा मला राग येतो. मराठी वाहिन्यांवर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये ‘मिथेन बॉम्ब’ हा शब्द आता इतका स्वस्त झालाय की माझे विद्यार्थी मला विचारतात, ‘सर, अंटार्क्टिका फुटणार का?’ त्यांना मी टेलर हिमनदीची गोष्ट सांगतो. अंटार्क्टिकातल्या या हिमनदीच्या जुन्या बर्फातले हवेचे बुडबुडे मोकळे करून मायकल डायोनिसियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या मिथेनचा किरणोत्सारी कार्बन तपासला. त्यावरून कार्बन किती जुना आहे ते कळतं. गेलं हिमयुग संपताना जग आताच्यासारखंच तापत होतं, तेव्हा बर्फाखालचा आणि गोठलेल्या जमिनीतला जुना कार्बन मिथेन होऊन किती बाहेर आला, हा प्रश्न होता. २०२०मध्ये ‘सायन्स’मध्ये उत्तर छापलं गेलं : फारच थोडा. बॉम्ब फुटला नव्हता.

तरीही मोजा म्हणतो, कारण दोन हिमनद्यांमधला फरक. आइसलंडमध्ये काटला ज्वालामुखीच्या अंगावरून सोल्हेमायोकुल नावाची हिमनदी उतरते. तिच्याखालून येणाऱ्या पाण्याचा लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यास केला. निष्कर्ष २०१८चा : उन्हाळ्यात दिवसाला ४१ टनांपर्यंत मिथेन. मोसमाचा आकडा नव्हे, एका दिवसाचा. लेव्हेरेटला शंभर गाई, इथे त्यांच्याच हिशेबाने १ लाख ३६ हजारांहून जास्त. लेव्हेरेटच्या मानाने ही हिमनदी लहानशी आहे, पण खाली ज्वालामुखीची ऊब आहे आणि पाण्यात प्राणवायू जेमतेम. आमच्या आईचं बंबातलं पाणीच म्हणा ना. तात्पर्य, एका हिमनदीवरून दुसरीचा अंदाज करता येत नाही. खाली खडक कोणता, माती किती, पाणी किती वेळ कोंडून राहतं, यावर सगळं अवलंबून आहे. ग्रीनलंडचा आकडा हिमालयाला लावून कुणी नकाशा रंगवला, तर तो नकाशा नुसता रंगीत असेल, खरा नव्हे.

पाणी किती वेळ कोंडून राहतं हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मिथेन बनवणारे आहेत तसे मिथेन खाणारेही आहेत. जानेवारी २०१३मध्ये अमेरिकी चमूने पश्चिम अंटार्क्टिकात सुमारे आठशे मीटर बर्फाला गरम पाण्याने भोक पाडून खालच्या व्हिलान्स तळ्यातलं पाणी आणि गाळ वर काढला. २०१७मध्ये निष्कर्ष आला की तळाशी तयार होणाऱ्या मिथेनपैकी ९९ टक्क्यांहून जास्त मिथेन तिथलेच जीवाणू प्राणवायूच्या मदतीने फस्त करतात. तळं संथ आहे, त्यांना जेवायला वेळ मिळतो. लेव्हेरेटला तो मिळत नाही. उन्हाळा लागला की वरचं वितळलेलं पाणी भोकांमधून तळाशी कोसळतं, साचलेलं जुनं पाणी ढकलून बाहेर काढतं, आणि पंगत बसायच्या आधीच ताटं उचलली जातात. वितळण्याचा वेग वाढला की बाहेर निसटणाऱ्या मिथेनचं काय होणार, हा प्रश्न इथून सुरू होतो. अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली जुन्या गाळाच्या खोऱ्यांत सुमारे २१ हजार अब्ज टन सेंद्रिय कार्बन असावा असा वॉडम आणि सहकाऱ्यांचा २०१२चा अंदाज आहे. तो कागदावरच्या हिशेबाने काढलेला आहे, भोकं पाडून नव्हे, पण नुसता आकडा वाचला तरी मोजमाप कशासाठी हवं ते कळतं.

आता तुमच्या दाराशी येतो. आधी स्वालबार्ड. ‘हिमाद्री’ २००८पासून न्यू-ओलेसुंडला आहे. ते गाव मुळात कोळशाच्या खाणीचं. १९६२च्या भीषण स्फोटानंतर खाण बंद पडली आणि पुढे तिथं संशोधकांची वस्ती झाली. कोळसा म्हटला की खाणकामगाराला मिथेन वेगळा सांगावा लागत नाही. त्याच द्वीपसमूहाच्या मध्यभागात केंब्रिजच्या गॅब्रिएल क्लेबर यांनी ७८ हिमनद्यांसमोरची रानं पालथी घातली. मागे हटलेल्या हिमनदीने मोकळ्या केलेल्या जमिनीतून भूजलाचे झरे फुटतात. भर हिवाळ्यात सगळं गोठलेलं असताना हे झरे वाहत राहतात आणि त्यांचं पाणी वर येऊन गोठलं की निळसर बर्फाचे थर साठतात. उपग्रहाच्या चित्रांत ते निळे डाग शोधायचे, स्नोमोबाइलवरून तिथवर जायचं, बर्फाला भोक पाडायचं आणि खालचं दाबातलं पाणी भरून घ्यायचं, अशी ही पद्धत. एकशे तेवीस झऱ्यांपैकी एक सोडून सगळ्यांत मिथेन सापडला. काही ठिकाणी तर हवेशी समतोल साधणाऱ्या पातळीच्या सहा लाख पट. अख्ख्या स्वालबार्डचा त्यांचा अंदाज वर्षाला दोन हजार टनांहून जास्त आहे. हा सगळा मिथेन ताजा शिजलेला नाही. खाली शेल, म्हणजे चिखलाचा थर दाबून झालेला खडक आहे, कोळसा आहे, त्यात लाखो वर्षं कोंडलेला वायू आहे. हिमनदी म्हणजे त्यावरचं झाकण, आणि झाकण सरकतंय. हा निबंध २०२३चा आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम ‘हिमाद्री’ला पोचली. म्हणजे ज्या दिवसांत हे निळे थर वाढतात, नेमक्या त्या दिवसांत तिथं आपली माणसं असण्याची सोय झाली आहे. ब्रोगर द्वीपकल्पातल्या हिमनद्या केंद्रापासून जवळ आहेत. याहून सोयीची जागा मला तरी दिसत नाही.

आणि चंद्रा खोरं. दोन वर्षांपूर्वी मी चार सहकाऱ्यांबरोबर ग्रांफू, छत्रूवरून बातलला गेलो होतो. सकाळी ड्रायव्हर घाई करत होता, ‘सर, नाले दुपारी वाढतात, त्याआधी पार होऊ.’ मी वही काढून ते लिहून ठेवलं. आमचा ड्रायव्हर जे गाडीच्या चाकावरून ओळखतो ते तुम्ही ‘हिमांश’ या तिथल्या तुमच्या केंद्राच्या परिसरातल्या पाणीपातळीच्या यंत्राने मोजता. बातलला पुलाखाली उतरून मी चंद्रेचं पाणी प्यायच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरलं. राखेसारखं करडं, बोटांत चोळलं तर खर लागतच नाही, इतकं बारीक पीठ. रात्री तंबूत टॉर्च मारून पाहिलं तर तळाशी नखभर थर बसला होता आणि वरचं पाणी अजून ताकासारखं. हे तेच दळण. तिथून पुढे कुंझुम खिंड ओलांडली की स्पिती, म्हणजे जुन्या टेथिस समुद्राच्या गाळाचा मुलूख. तिथले जुरासिक काळातले काळे शेल अमोनाइट या नामशेष सागरी जिवाच्या जीवाश्मांसाठी जगप्रसिद्ध आहेत. आमच्या देवघरात पुजला जाणारा गंडकीचा शाळिग्राम हा तसल्याच काळ्या शेलमधून येतो. चंद्रा खोऱ्यातल्या बऱ्याच हिमनद्या मात्र ग्रॅनाइट आणि तशाच कठीण खडकांवर बसलेल्या आहेत. उतार तीव्र, पाणी झटपट निघून जाणारं. त्यामुळे माझा स्वतःचा अंदाज असा की इथे मिथेन फार थोडा निघेल. पण अंदाज आहे तो. मास्तरच्या अंदाजावर देशाचा हिशेब मांडायचा नसतो.

अडचण कुठे येते तेही मला ठाऊक आहे. मी भरली तशी बाटली मिथेनसाठी कुचकामी. प्लॅस्टिकमधून वायू निसटतो, झाकणाखाली हवा राहते, आणि मिथेन खाणारे जीवाणू परतीच्या प्रवासातही जेवत राहतात. काचेची बाटली पाण्याखालीच काठोकाठ भरायची, एकही बुडबुडा ठेवायचा नाही, रबरी बूच लावून वर ॲल्युमिनियमची टोपी आवळायची, आत जीवाणू मारणारं विष टाकायचं. नंतर प्रयोगशाळेत थोडं पाणी काढून त्या जागी नायट्रोजन सोडायचा, हलवायचं, आणि वरचा वायू गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, टोचायचा. हे यंत्र आमच्या विद्यापीठांतही असतं. कार्बनचे समस्थानिक, म्हणजे त्याच्या अणूंची हलकी-जड रूपं, तपासले तर मिथेन जिवांनी बनवलेला की खडकातला जुना, तेही उलगडतं. या यादीत तुम्हाला नवीन असं काहीच नाही. फक्त चंद्रेच्या काठावर जो माणूस पाण्याचा वेग मोजायला उभाच आहे, त्याच्या पिशवीत आणखी वीस बाटल्या टाकायच्या आहेत. दोन वेळा पाळाव्यात एवढं सुचवतो. एकाच दिवशी पहाट आणि दुपार दोन्ही, आणि मोसमाची अगदी सुरुवात, कारण कोंडलेलं जुनं पाणी त्या पहिल्या उसळ्यांतच बाहेर पडतं. ऑगस्टमध्ये जाऊन एक बाटली भरली आणि ‘आढळला नाही’ लिहिलं, असं करू नका. आमच्याकडे जानेवारीत ड्रम बघून कुणी गोबरगॅस बंद पडला म्हणत नाही.

शून्याबद्दल जरा जास्तच बोलतो, कारण मला तिथंच दुखतं. आपल्याकडे काही सापडलं तर बातमी, नाही सापडलं तर फाइल. मी विद्यार्थ्यांना प्रयोगवहीत ‘निरीक्षण : बदल नाही’ लिहायला लावतो, तर ती पोरं घाबरतात, मार्क जातील म्हणून. चंद्रा खोऱ्यातल्या बारा शिग्री हिमनदीच्या पाण्यात मिथेन नाही असं तुम्ही मोजून छापलंत, तर पुढे कुणी ग्रीनलंडचा आकडा हिमालयावर चिकटवायला गेला की त्याच्या तोंडावर ठेवायला आपल्याकडे कागद असेल. आणि निघाला, अगदी थोडा का होईना, तर तो कुठून येतो, दरवर्षी वाढतो का, हे बघायला पहिल्या वर्षाची नोंद लागेलच. आज जे पाणी वाहून गेलं त्याची नोंद दहा वर्षांनी मागे जाऊन करता येत नाही.

जुन्या हवेची नोंद बर्फानेच ठेवली म्हणून तर आपल्याला ती मिळाली. अंटार्क्टिकाच्या डोम सी इथे खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यातल्या बुडबुड्यांवरून गेल्या आठ लाख वर्षांत हवेतला मिथेन अब्जात साधारण ३५० ते ८०० भागांच्या मध्ये हेलकावत होता हे कळतं. आज तो १,९००च्या वर आहे. ती वाढ मुख्यतः आपल्या गोठ्यांची, भातखाचरांची, कचरा डेपोंची आणि तेल-वायूच्या विहिरींची आहे, हिमनद्यांची नव्हे. हे मी वर्गात ठणकावून सांगतो. पण बर्फ स्वतःहून त्यात किती भर घालतो, हा रकाना हिमालयापुढे कोरा राहू नये.

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनद्या संवर्धनाचं वर्ष जाहीर केलं, २०३४पर्यंतचं दशक बर्फाच्या विज्ञानाला दिलं. फलक लागतील, चित्रकला स्पर्धा होतील, आमच्या कॉलेजात एक झालीसुद्धा. तुमच्याकडून मला फलक नको. तुमच्या संकेतस्थळावर एक तक्ता हवा आहे : तारीख, वेळ, हिमनदी, पाण्याचा प्रवाह, मिथेन. जमलं तर खाली मराठीत आणि कोंकणीत चार ओळी, म्हणजे वास्कोतल्या आणि कोल्हापुरातल्या पोरांनाही ते वाचता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
गोबरगॅसवर वाढलेला एक रसायनशास्त्राचा शिक्षक

ता. क. : बातलची ती बाटली आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आहे. पाणी आता पुष्कळ नितळलंय, तळाला बोटभर नाही पण अर्धं पेर करडा थर आहे. बारावीची पोरं ती हलवतात आणि पुन्हा बसायला किती दिवस लागतात ते मोजतात. या वेळी अकरा लागले.